मयेकरबाई आणि बारीक अक्षरं

मयेकरबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या तो एकच शब्द होता. "कशावरून?"

मी तेव्हा एका औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो. चिपळूणपासून राजापूरपर्यंतचा पट्टा माझ्याकडे होता. महिन्यातून दोनदा मोटरसायकलला बॅग बांधून मी हातखंब्याच्या तिठ्यावरच्या एका मेडिकलमध्ये जायचो. दुकान लहानच. पुढ्यात हमरस्ता, एका बाजूला वडापावची गाडी, दुसऱ्या बाजूला पंक्चरवाला. गल्ल्यावर मालक बाळशेठ आणि काउंटरमागे पांढऱ्या कोटात फार्मासिस्ट प्रमिला मयेकर. वय पंचावन्नच्या आसपास. नवरा जहाजावर, मुलगी पुण्याला. किनाऱ्याकडच्या गावातून रोज दोन एसट्या बदलून त्या दुकानात यायच्या आणि कधी उशीर करायच्या नाहीत.

कंपनीने नवी कॅप्सूल काढली होती, काळ्या-नारिंगी रंगाची. तिच्यात अ, क, ई जीवनसत्त्वं, झिंक, सेलेनियम आणि द्राक्षाच्या बियांचा अर्क. मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. शरीरात फ्री रॅडिकल्स तयार होतात, ते पेशी खराब करतात, त्यामुळे म्हातारपण येतं, आणि आमची अँटिऑक्सिडंट कॅप्सूल त्यांचा नायनाट करते.

"कशावरून?" बाई म्हणाल्या.

मी गुळगुळीत कागदावरचा रंगीत आलेख पुढे केला. त्यांनी आलेखाकडे पाहिलंच नाही. कागद उलटा करून त्या खालची बारीक अक्षरं वाचायला लागल्या. मग विचारलं, "सगळ्या फ्री रॅडिकल्सचा नायनाट करते?"

"हो मॅडम."

"मग पांढऱ्या पेशी जंतू कशाने मारणार? त्या तेच वापरतात ना?"

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. "बरं, विडी ओढणाऱ्याला देऊ ही?"

"त्यालाच तर जास्त गरज, मॅडम."

बाईंनी एका कोऱ्या कागदावर माझं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "सही करा."

मी केली नाही. हसून वेळ मारून नेली आणि बाहेर येऊन बाळशेठना म्हणालो, "तुमच्या मॅडमना दुसऱ्या कंपनीकडून काही मिळतं का हो?" मला खरंच तसा संशय आला होता. घरी जाऊन वाचलं तेव्हा कळलं, की विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा-कॅरोटीनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या दिल्या तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कमी न होता वाढतो. आमच्या कॅप्सूलमधलं अ जीवनसत्त्व बीटा-कॅरोटीनच्याच रूपात होतं. हे आमच्या प्रशिक्षणात कुणीच सांगितलं नव्हतं. की सांगायचंच नव्हतं?

बाईंचा स्वभाव संशयी होता असं सगळेच म्हणायचे. तो होताच. वडापावच्या गाडीवरचा चहा त्या दूध उकळताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय घेत नसत. एसटीच्या कंडक्टरने "जागा आहे" म्हटलं तरी खिडकीतून आत डोकावून मगच चढत. एकदा मी म्हटलं, "बाई, कुणावर तरी विश्वास ठेवा." त्या म्हणाल्या, "आमच्याकडे कोळीण कधी माल शिळा आहे म्हणते का? माशाचा कल्ला उघडून बघायचा असतो. त्यात तिचा अपमान नाही आणि आपलं पोट बिघडत नाही."

औषधाचा कल्ला उघडायची त्यांची एक पद्धत होती. कुणी गोळी मागायला आलं, की त्या विचारायच्या, "घरात आणखी काय काय घेता?" माणूस म्हणायचा, काही नाही. "काही नाही असं नसतं. पिशवी घेऊन या." मग गिऱ्हाईक कुरकुरत घरी जाऊन येई आणि बाई ती पिशवी काचेवर ओतत. रक्तदाबाची गोळी, मुंबईच्या भाच्याने दिलेली ताकदीची पावडर, शेजारणीची उरलेली अँटिबायोटिक, कुणा वैद्याच्या पुड्या. बाई एकेक पट्टी उलटी करून ब्रँडच्या मोठ्या नावाखालचं खरं नाव वाचायच्या. मागे रांग वाढायची. बाळशेठ गल्ल्यावरून खाकरायचे. त्यांची कुजबुज मी ऐकली आहे, "ही बाई एक दिवस माझं दुकान बंद पाडणार."

असं म्हणायचे ते एकदाच थांबले. शिमग्याला मुंबईहून संगमेश्वरकडे गावी आलेला एक माणूस, तीस-बत्तीसचा, भावाबरोबर रिक्षातून उतरला. चार दिवस ताप. पाहुण्यांत रोजची बाटली चालू आणि पोटात धड अन्न नाही. भावाला फक्त तापाची जालीम गोळी हवी होती.

"पिशवी," बाई म्हणाल्या.

"ओ बाई, माणूस तापलाय हो! गोळी द्या, चौकश्या क्याला?"

माणसाच्याच खिशातून पट्ट्या निघाल्या. एक तापाची, एक सर्दीची, एक अंगदुखीची. तीन कंपन्या, तीन रंग. बाईंनी तिन्ही उलट्या करून काचेवर शेजारी शेजारी लावल्या. तिन्हींत पॅरासिटामोल. रिकाम्या खाचा मोजून त्यांनी पेन्सिलीने बेरीज मांडली, मग त्या माणसाला विचारलं, "उलट्या होतात? इथे, उजव्या बरगडीखाली दुखतं?" तो मान हलवून खाली बसला. बाईंनी त्याची खालची पापणी ओढून डोळा उजेडात पाहिला.

"गोळी देणार नाही," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता रत्नागिरीला न्या."

भाऊ भडकला. दुकानाबाहेर चार माणसं जमली. कुणी म्हणालं, हिचं डॉक्टरशी संधान असणार. बाई शांतपणे चिठ्ठी लिहीत होत्या, कुठली गोळी, किती, किती दिवसांत, शेवटची कधी. लिहिता लिहिता त्या भावाला म्हणाल्या, "तुमची आंब्याची बाग आहे?"

"हाय. त्याचं काय?"

"राखणीला एकच माणूस आहे. माकडं एका बाजूने आली तर तो हाकलतो. तीन बाजूंनी आली, आणि त्यात तो उपाशी असला तर? लिव्हरमध्ये असा एक राखणदार असतो, ग्लुटाथायोन म्हणतात त्याला. या गोळीचा थोडा भाग पोटात गेल्यावर विषारी होतो, तो हा निस्तरतो. दोन गोळ्यांना पुरतो. तुमच्या भावाने त्याला चार दिवस तीन बाजूंनी घेरलंय, वर दारू, वर उपास. आता तो संपत आलाय. गोळी वाईट नाही, ऐकलंत का? मापात घेतली तर चांगली आहे. माप गेलं."

बागेचं बोलणं त्याला पटलं असावं. रिक्षा रत्नागिरीकडे वळली. तिथे डॉक्टरांनी त्याला तो ग्लुटाथायोन पुन्हा तयार व्हायला मदत करणारं औषध शिरेतून लावलं. तो वाचला. डॉक्टर म्हणाले, म्हणे, चिठ्ठी नसती तर निदानातच दिवस गेला असता. पंधरा दिवसांनी भाऊ भलामोठा फणस घेऊन दुकानात आला. बाईंनी आधी फणसाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "हा कशाला? आता कुणाला काय झालंय?"

पण त्याच ग्लुटाथायोनची आणखी एक तऱ्हा बघून बाई हबकल्या होत्या. सावर्ड्याची एक लग्न ठरलेली मुलगी आईबरोबर आली. कुठल्याशा ब्युटी पार्लरमध्ये गोरं होण्यासाठी तिला ग्लुटाथायोनची सलाइनं लावत होते. पुढच्या कुप्या स्वस्तात मिळतील का, हे विचारायला त्या आल्या होत्या.

"कोण लावतं सलाइन? डॉक्टर?"

"पार्लरवाल्या ताईच लावतात," आई म्हणाली. "अंगातलंच तर असतं ना ते? नैसर्गिक."

"रक्तही अंगातलंच असतं," बाई म्हणाल्या. "म्हणून पार्लरमध्ये चढवून घ्याल?" मग मुलीकडे वळल्या. त्यांचा आवाज उतरला. "गोरं हो असं कोण म्हणालं तुला?" मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. सासरच्यांचा निरोप होता तो. बाईंनी तिला आत स्टुलावर बसवलं आणि दहा मिनिटं काय बोलल्या देव जाणे. कुप्या विकल्या नाहीत एवढं खरं. लग्न झालं की मोडलं, मला कधी कळलं नाही.

एव्हाना मी त्या दुकानात नुसता माल विकायला जात नव्हतो. घरचं कुणी आजारी पडलं की पट्टीचा फोटो आधी बाईंना पाठवायचो. पण नोकरी नोकरीच होती. महिन्याचं टार्गेट होतं, आणि जिथे बाई नकार देत तिथे बाळशेठ होकार देत. कंपनीने आता क्यू-टेन नावाची कॅप्सूल आणली होती. बाळशेठनी ती बाईंना न विचारता गल्ल्याजवळच्या कपाटात लावली.

तात्या शिवलकर तिठ्यापासून दोन किलोमीटरवरच्या वाडीत राहायचे. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, खणखणीत आवाज. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला होता. बाईंच्या हातून औषधं घेणाऱ्यांतले ते सगळ्यात शिस्तीचे. एका शनिवारी सकाळी ते आले तेव्हा मी बॅग उघडून काउंटरशी उभा होतो.

"बाई, पायाचे गोळे दुकतायत हो. चढ चढवत नाय."

"कधीपासून? त्या कोलेस्टेरॉलच्या गोळीनेही दुखू शकतं," बाई म्हणाल्या. "शरीर स्वतःचं एक क्यू-टेन नावाचं रसायन बनवतं, पेशीत ऊर्जा तयार करायला आणि राखणीलाही. ही गोळी तेही थोडं कमी करते. पण..."

तेवढ्यात बाहेर ब्रेकचा आवाज आला. मोटरसायकलवरून पडलेल्या एका बाईला लोक उचलून दुकानात आणत होते. कपाळ फुटलेलं, साडीवर रक्त. मयेकरबाई कापूस घेऊन धावल्या. तात्या दोन मिनिटं थांबले. मग माझ्या बॅगेकडे बघून हळूच म्हणाले, "ते क्यू-टेन तुमच्याकडं हाय काय ओ?"

मी म्हणालो, "आहे ना. शेठकडे लावलंय."

एवढंच बोललो मी. खोटं नव्हतं त्यात काही. बाळशेठनी पट्टी काढून दिली, तात्या गेले. बाईंचं "पण" तसंच राहिलं. पण गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना भेटा, ते मात्रा बदलतील किंवा दुसरी देतील, हे त्यांना म्हणायचं होतं. मला ते ठाऊक होतं. त्यांच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं होतं.

तात्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली आणि तिच्या जागी कॅप्सूल सुरू केली. पाय दुखायचे थांबले तसे ते खूश झाले, आणि पट्टी संपली तरी जुनी गोळी पुन्हा धरली नाही. त्या महिन्यांत ते दुकानात आलेच नाहीत. बाईंनी दोनदा विचारलं, "तात्या दिसत नाहीत?" बाळशेठ म्हणाले, रत्नागिरीतून घेत असतील. चौथ्या महिन्यात एका दुपारी जेवून उठताना तात्या ओटीवर कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर शिवलकरवहिनी दुकानात आल्या. रडल्या नाहीत. काचेवर हात ठेवून एवढंच म्हणाल्या, "बाई, तुमीच बोललात ना, ती गोळी वंगाळ हाय? ह्यांनी घरी येऊन मला तसंच सांगितलेलान."

दुकानात सात-आठ माणसं होती. मीही होतो. बाईंचा चेहरा पांढराफटक पडलेला मी पाहिला. त्या काही बोलायच्या आत वहिनी पायऱ्या उतरून गेल्या.

बातमी वाडी-वाडीत गेली. जे लोक बाईंना संशयी म्हणायचे ते आता बाईंचाच संशय घेऊ लागले. "हिच्या नादी लागून माणूस गेला." पिशव्या यायच्या बंद झाल्या. बाळशेठना तर बाईंना काढायला निमित्तच मिळालं, पण रातोरात फार्मासिस्ट मिळत नाही म्हणून ते थांबले. क्यू-टेनची उरलेली पाकिटं त्यांनी कपाटातून काढून मागच्या खोलीत सरकवली. ती सरकवताना आमची नजरानजर झाली.

त्या रविवारी बाई एकट्याच शिवलकरांच्या घरी गेल्या. हे मला नंतर वहिनींच्या दिरांकडून समजलं. अंगणात उभ्या राहूनच त्या म्हणाल्या, "वहिनी, गोळी वाईट आहे असं मी म्हटलं नव्हतं. पण मी अर्धंच बोलले. पुढचं बोलायच्या आधी उठले आणि नंतर तात्यांना शोधून ते सांगितलं नाही. गोळी चालू असती तर ते नक्की वाचले असते असं कुणालाच सांगता येणार नाही. पण माझं वाक्य अर्धं राहिलं, ही चूक माझी." वहिनींनी ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर बाई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे जायला लागल्या. वहिनींना रक्तदाब होता. बाई यंत्र घेऊन जायच्या. वहिनी हात पुढे करायच्या, बाई आकडा सांगायच्या, कागदावर लिहून ठेवायच्या आणि परत फिरायच्या. पाणीसुद्धा कुणी विचारत नसे. दुकानात बाई आता प्रत्येकाला थांबवून ठेवायच्या. "थांबा, माझं व्हायचंय." बस सुटत असली तरी त्या काउंटरबाहेर येऊन पायरीवर वाक्य पुरं करायच्या. लोक हसायचे.

आणि मी? मी सात महिने गप्प होतो. आधी मनाला समजावलं, की मी तर फक्त "आहे" म्हणालो. मग वाटायला लागलं, बाईंना माहीत आहे. त्या माझ्याकडे पूर्वीपेक्षा जास्त वेळ बघतात. नमुने घेताना माझ्या हाताकडे बघतात. माझी झोप उडाली. शेवटी मे महिन्यात, दुकानात दुपारची सामसूम असताना मी बोललो. "बाई, त्या दिवशी तात्यांनी मला विचारलं होतं. कॅप्सूल आहे असं मीच सांगितलं. पुढचं मला माहीत होतं. मी बोललो नाही."

बाई पट्ट्या लावत होत्या. हात थांबला नाही. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"तात्यांचा औषधांचा डबा ओटीवरच होता, त्यात रिकामी पट्टी होती. रक्तदाब बघायला पहिल्यांदा गेले तेव्हाच दिसली. तुमच्याच कंपनीची. त्या महिन्यात तिठ्यावर दुसरीकडे कुठे ती आलेलीच नव्हती, आणि त्या शनिवारी काउंटरशी तुम्हीच उभे होतात."

"मग माझं नाव का नाही घेतलंत? सगळं गाव तुम्हाला बोलत होतं."

आता त्यांनी वर पाहिलं. "तुमचं तुम्ही सांगाल की नाही, ते बघत होते."

त्यांनी पुढची पट्टी उचलली. त्या म्हणाल्या, "परवा पहिला रविवार आहे."

रविवारी मी मोटरसायकल घेऊन गेलो. बाई आधीच पोचल्या होत्या. वहिनी अंगणात रातांब्याची सालं उन्हात पसरत होत्या, हात कोपरापर्यंत लाल झालेले. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. माझं, आणि शेठनी पट्टी काढून दिली तेही. वहिनींनी सालं पसरायचं काम थांबवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी उरलेली सालंही पसरली.

"मंजे तुमा तिगांनाबी ठावं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "आन् ह्यांना कोन बोललं नाय."

बाईंनी माझी बाजू घेतली नाही, स्वतःचीही नाही. वहिनी उठल्या, हात धुतले आणि आत गेल्या. मला वाटलं, दार लागणार. मी किल्ली हातात घेतली.

वहिनी बाहेर आल्या त्या हातात एक पट्टी घेऊनच. माझ्याकडे न बघता त्यांनी ती बाईंपुढे धरली. "डॉक्टरनी नवीन दिलीय. भावजय बोलते, हिच्याबरोबर ती ताकदीची पावडर घे. घेऊ काय?"

बाईंनी पट्टी उलटी केली, डोळ्यांशी नेली. "ही सकाळची, नाश्त्यानंतर. आणि ती पावडर..." बोलता बोलता त्या थांबल्या. पट्टी उगाच पुन्हा सुलटी केली. तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

वहिनींनी ओटीवरचा पाट पुढे ओढला, तो बाईंकडे सरकवला आणि स्वतः पायरीवर बसल्या.

"पुरतं सांगा, बाई," त्या म्हणाल्या. "मला घाई नाय."

पुढच्याच आठवड्यात मी नोकरी सोडून चिपळूणला निघून आलो. पावसाळ्यानंतर बाईही मुलीकडे पुण्याला गेल्याचं कळलं. त्यामुळे मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं. त्या रविवारी मोटरसायकल चालू करताना मी वळून बघितलं, तर बाई पाटावर बसून बोटं मोजत काहीतरी समजावत होत्या, आणि वहिनी मध्येच हात वर करून त्यांना थांबवून विचारत होत्या, "कशावरून?"